मेंढरांची वाट

दिवाळी सरली की माणदेशातले मेंढपाळ धनगर वाटेला लागतात. घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड लादलेले असते. बिऱ्हाडावर कोंबड्या बांधलेल्या असतात. कुठे लहान कोकरू, कुठे लहान पोर बसलेले असते. मेंढरांचा कळप रस्ताभर पसरतो. पुढे एक माणूस, मागे एक माणूस, कडेला कुत्री. अशी पाच-दहा घरे मिळून निघतात. या चालत्या वस्तीला 'वाडा' म्हणतात.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हा वाडा सर्वांनी पाहिला आहे. वाडा दिसला की कोणी म्हणते, "मेंढरं आली रं, पिकं सांभाळा." कोणी म्हणते, "बरं झालं. औंदा आपल्या रानात बसवून घेऊ."

हा वाडा कुठून येतो? कुठे जातो? रोज नव्या रानात पाल ठोकून सहा-सात महिने कसे काढतो? आणि आपल्या शेतीला त्याचा काय उपयोग? चला, आपण वाड्याबरोबर थोडी वाट चालू.

एकीकडे पाऊस, एकीकडे माळ

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्रीचा डोंगर आहे. तिथे महाबळेश्वर आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून शे-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला या. माण तालुका लागतो. इथे पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कित्येक वर्षी तेवढाही नाही.

असे का होते? पावसाळ्यात ढग समुद्रावरून येतात. सह्याद्री त्यांना आडवा येतो. ढग वर चढतात. वर हवा गार असते. गार हवेत वाफेचे पाणी होते आणि तिथेच कोसळते. डोंगर ओलांडून ढग पूर्वेला येतात, तेव्हा त्यांच्यात पाणी थोडे उरलेले असते.

सांगली जिल्ह्यातही तसेच आहे. पश्चिमेचा शिराळा ओला. पूर्वेचे आटपाडी, जत, कवठेमहांकाळ कोरडे.

आता मेंढरांचा विचार करा. मेंढराला दलदल सोसत नाही. फार पावसात त्याची खुरे कुजतात, अंगाला रोग लागतात. म्हणून पावसाळ्यात माणदेशचा कोरडा माळ त्याला चांगला. पण कार्तिक लागला की माळावरचे गवत संपते. त्याच वेळी पश्चिमेला भाताची कापणी होते आणि खाचरं मोकळी पडतात. कृष्णाकाठी भुईमूग, सोयाबीन निघते. रानात पाला असतो, बांधाला हिरवे गवत असते, ओढ्याला पाणी असते.

एकीकडे चारा संपला, तेव्हाच दुसरीकडे रान उघडले. म्हणून मेंढरं चालू लागतात. मृग लागायच्या आत ती माघारी येतात. ही भटकंती नव्हे. पुष्कळ पिढ्यांनी पाऊस आणि चारा पाहून ठरवलेली ही वाट आहे.

निघण्याची तयारी

पहिली तयारी लोकरीची. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. ही लोकर राठ असते, बहुतेक काळी असते. सनगर लोक तिची घोंगडी विणतात. वाटेवर घोंगडी हेच अंथरूण आणि घोंगडी हेच पांघरूण. जत तालुक्यात माडग्याळ नावाचे गाव आहे. त्या गावाच्या नावाची मेंढीची एक जात आहे. ती उंच, पांढरी, अंगावर तांबूस डाग असलेली असते. तिचे नाक पोपटाच्या चोचीसारखे बाकदार असते. तिला लोकर थोडी. ती मांसासाठी पाळतात.

दुसरी तयारी औषधाची. पीपीआर आणि लाळ्या-खुरकूत हे रोग एका कळपातून दुसऱ्या कळपात जातात. वाटेवर पुष्कळ कळप भेटतात. म्हणून या लसी निघण्याआधी टोचून घ्याव्या. पावसाळ्यात मेंढरांच्या पोटात जंत होतात. त्याचेही औषध पाजावे. आंत्रविषाराची लस मात्र पावसाळा सुरू होण्याआधी टोचतात. कोणती लस कधी टोचली, त्याची तारीख वहीत लिहून ठेवावी. तारीख लिहिलेली असली की परगावच्या डॉक्टरलाही लगेच उमगते.

तिसरी तयारी वाटेची. वाड्यात एक जाणता माणूस असतो. त्याला कारभारी म्हणतात. कोणत्या गावावरून जायचे, कुठे पाणी आहे, कोणत्या शेतकऱ्याने बोलावले आहे, हे कारभारी ठरवतो. पुढे जाऊन रान बघून येतो. त्याच्या शब्दावर सगळा वाडा उठतो आणि बसतो.

वाटेवरचा दिवस

तांबडं फुटायच्या आत चूल पेटते. भाकरी थापून होतात. मग बाया पाल सोडतात. पाल म्हणजे कापडाचा लहान तंबू. भांडी, पीठ, अंथरुणे, पाल, वाघर हे सगळे घोड्यावर लादतात. वाघर म्हणजे दोरीचे जाळे. रात्री मेंढरं कोंडायला ते लागते. घोड्यावर ओझे दोन्ही बाजूंना सारखे बसवावे लागते. नाही तर पाठीला जखम होते. हे काम बायांच्या हातात बसलेले असते.

बाया बिऱ्हाड घेऊन नीट रस्त्याने पुढच्या मुक्कामाला जातात. बाप्ये मेंढरं घेऊन माळाने, ओढ्याकाठाने, पडीक रानाने जातात. मेंढरं चरत चरत चालतात. कधी दिवसाला पाच किलोमीटर होतात, कधी पंधरा. कराडहून चिपळूण शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. एस. टी. तिथे काही तासांत पोचते. वाड्याला तीच वाट पुष्कळ दिवसांची होते, कारण चालता चालता पोट भरायचे असते.

दहिवडीहून पश्चिमेला निघाले की खटाव तालुका लागतो. मग कृष्णेचे खोरे. कराडला कृष्णा आणि कोयना मिळतात. तिथून कोयनेच्या काठाने पाटण, पुढे कोयनानगर. मग कुंभार्ली घाट. घाट उतरला की पोफळी, चिपळूण. आले कोकण! काही वाडे असे कोकणात उतरतात. काही वाडे कृष्णाकाठीच राहतात. आटपाडी, जतकडची मेंढरं वाळवा, पलूस, मिरजेकडच्या रानांत दिसतात.

रात्रीचा मुक्काम

दिवस कलला की पालं उभी राहतात. बायांनी सरपण आणलेले असते, पाणी भरलेले असते. कोकरं दिवसभर पालाजवळ असतात. संध्याकाळी मेंढ्या परत आल्या की एकच ओरड होते. शेकडो कोकरांत आई आपले कोकरू वासावरून ओळखते. ते पाजून झाले की मेंढरं वाघरीत कोंडतात.

मग जेवण. भाकरी, कोरड्यास, कधी दूध. जेवण झाले की कोणी बिरोबाच्या ओव्या म्हणतो. कवठेमहांकाळ तालुक्यात आरेवाडीला बिरोबाचे ठाणे आहे. वाटेवर कुठेही असले तरी धनगरांना त्याची आठवण असते.

पण रात्र झोपेची नसते. माळावर लांडगा येतो. ऊसपट्ट्यात आणि घाटात बिबट्या फिरतो. चोराचीही भीती असते. म्हणून पाळीपाळीने जागतात. कुत्री भुंकली की बॅटरी घेऊन उठावे लागते.

रानात मेंढरं बसवणे

आता मुख्य गोष्ट. मेंढरं ज्या रानात रात्रभर बसतात, त्या रानाला खत मिळते. लेंडी पडते, मूत मुरते. गाईच्या शेणापेक्षा लेंडीत नत्र जास्त असते. नत्र म्हणजे पिकाला हिरवे करणारे सत्त्व. हे खत उकिरड्यातून काढावे लागत नाही. गाडीत भरावे लागत नाही. ते आपल्या पायांनी चालत रानात येते.

एक शेतकरी आणि एक कारभारी काय बोलतात, ते ऐका.

शेतकरी : या कारभारी. कवा आला?

कारभारी : कालच आलो, दादा. ओढ्याच्या पल्याड पालं ठोकल्यात.

शेतकरी : सोयाबीन निघालंय. हरभरा पेरायचा हाय. पेरणीच्या आधी मेंढरं बसवून घ्यावी म्हणतो.

कारभारी : बसवू की. रान किती हाय?

शेतकरी : एक एकर. तुमची मेंढरं किती?

कारभारी : तीनशे. चार राती बसवू. रोज जागा बदलू, म्हंजी सगळ्या रानाला खत मिळंल.

शेतकरी : द्यायचं काय?

कारभारी : रातीला वीस किलो ज्वारी द्या.

शेतकरी : औंदा ज्वारी कमी हाय. पंधरा घ्या. वर सरपण देतो, हिरीचं पाणी देतो. पर एक सांगतो. शेजारची तूर उभी हाय. त्यात मेंढरू गेलं तर आमचं त्यांचं भांडण हुईल.

कारभारी : तुरीच्या बांधाला माझा पोरगा उभा राहील. नुकसान झालंच तर भरून देऊ.

शेतकरी : ठरलं तर.

कारभारी : ठरलं.

आता हिशोब करू. समजा एक मेंढी रात्रीत अर्धा किलो लेंडी टाकते. तीनशे मेंढ्यांची दीडशे किलो झाली. चार रात्रींची सहाशे किलो. म्हणजे सहा क्विंटल खत एका एकरात पसरले. मूत मुरले ते वेगळे. कारभाऱ्याला काय मिळाले? पंधरा किलोप्रमाणे चार रात्रींची साठ किलो ज्वारी. शिवाय पाणी, सरपण आणि मेंढरांना रानातला पाला.

मेंढरं उठली की शेतकऱ्याने रान लगेच कुळवून घ्यावे. लेंडी उन्हात उघडी पडली तर तिचा जोर उडून जातो. मातीत मिसळली तर तो पिकाला मिळतो.

टिपण लिहा

पूर्वी हे सारे शब्दावर चाले. अजूनही बहुतेक ठिकाणी शब्द पाळला जातो. पण भांडण होते ते कशावरून? ऐका.

चार रात्री झाल्या. शेतकरी म्हणतो, "आत्ता चाळीस किलो न्या. उरलेली माघारी येताना देतो." वाडा पुढे जातो. सहा महिने जातात. जेठात वाडा परत येतो. शेतकरी म्हणतो, "दहाच किलो राहिली होती." कारभारी म्हणतो, "वीस." दोघेही खोटे बोलत नसतात. आठवण पुसट झालेली असते. पण मन दुखावते. पुढच्या वर्षी मेंढरं दुसऱ्याच्या रानात बसतात. शेतकऱ्याचे खत जाते, मेंढक्याचे हक्काचे रान जाते. दहा किलो ज्वारीपायी बापजाद्यांची ओळख तुटते.

आपण आता लिहायला शिकलो आहोत. मग दोन ओळी लिहून ठेवायला काय हरकत आहे? असे टिपण करावे :

तारीख :
शेतकऱ्याचे नाव व गाव :
कारभाऱ्याचे नाव व गाव :
रान : १ एकर
मेंढरं : ३००
रात्री : ४
ठरलेली ज्वारी : ६० किलो
मिळालेली ज्वारी : ४० किलो
बाकी : २० किलो
पाणी व सरपण : शेतकऱ्याने द्यायचे
पिकाचे नुकसान झाल्यास : कारभाऱ्याने भरून द्यायचे
दोघांच्या सह्या :

याच्या दोन प्रती कराव्या. एक शेतकऱ्याने ठेवावी, एक कारभाऱ्याने. पैसे ठरले असतील तर पैसे लिहावे. लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे. शब्द विसरू नये म्हणून त्याला कागदावर बसवायचे.

घाट उतरताना

कुंभार्ली घाटाच्या अलीकडे कोयनेचे धरण आहे. दोन्ही बाजूंना दाट जंगल. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली झाला. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान त्यात आले. या राखीव जंगलात मेंढरं घालता येत नाहीत. घालावी तर दंड होतो आणि वाघ-बिबट्याची भीती वेगळीच. कुठपर्यंत चारता येते, हे वनरक्षकाला आधी विचारून घ्यावे.

घाटात वळणे फार. वळणावर समोरची गाडी दिसत नाही. म्हणून घाट सकाळी उजेडात उतरावा. कळपाच्या पुढे शंभर पावले एक माणूस लाल फडके घेऊन चालावा, मागे तसाच एक. मेंढरं दरीच्या बाजूला जाऊ देऊ नयेत. एक मेंढरू उडी मारते तर त्यामागे दहा जातात. हा मेंढराचा स्वभावच आहे.

कोकणात उतरले की हवा दमट लागते. तिथले शेतकरी वाट पाहत असतात. कोकणच्या मुसळधार पावसाने मातीचे सत्त्व वाहून जाते. भाताच्या खाचरात लेंडीखत पडले तर त्यांना हवेच असते. उन्हाळा तिकडे काढून वाडा परत घाट चढतो.

वाटेवरचे धोके

सगळ्यांत मोठा धोका मोठ्या रस्त्याचा. पुणे-बंगळूर महामार्ग शिरवळ, सातारा, उंब्रज, कराड असा जातो आणि पुढे सांगली जिल्ह्यातल्या कासेगाव, पेठ या गावांजवळून निघतो. पूर्वेकडून पश्चिमेला जाणाऱ्या वाड्याला तो ओलांडावाच लागतो. गाड्या वेगाने येतात. एका क्षणात वीस-पंचवीस मेंढरं चिरडली जातात. मेंढका माणूसही जातो. म्हणून रस्ता वरून ओलांडू नये. पुलाखालची वाट शोधावी, चार पावले जास्त पडली तरी चालतील. अंधारात आणि धुक्यात कळप रस्त्यावर आणूच नये. अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट घालावे.

दुसरा धोका कोवळ्या ज्वारीचा. ज्वारी कापल्यावर खोडाला नवे फुटवे येतात. पावसाने ताण दिलेली, खुरटलेली ज्वारीही तशीच वाईट. तिच्यात विष असते. ती खाल्ली की मेंढराला किरळ लागते. धाप लागते, तोंडाला फेस येतो, पाय लटपटतात आणि मेंढरू पडते. वेळ फार थोडा असतो. लगेच डॉक्टरला बोलवावे. १९६२ हा जनावरांच्या डॉक्टरांचा फोन नंबर आहे. त्याला पैसे पडत नाहीत. तो पालाच्या दांडीवर लिहून ठेवा.

तिसरा धोका फवारणीचा. द्राक्षाच्या, डाळिंबाच्या, भाजीच्या रानात औषध मारलेले असते. बांधाचे गवत जाळायलाही औषध मारतात. शेतकऱ्याने हे आधी सांगावे. कारभाऱ्याने न विचारता मेंढरं घालू नयेत.

चौथा धोका खळ्यावरच्या धान्याचा. मेंढरांनी एकदम फार धान्य खाल्ले की पोट फुगते आणि ती मरतात. सुगीच्या रानात सांडलेली कणसे आधी वेचून घ्यावी.

पोरांची शाळा, घरचे रेशन

वाड्यातल्या एका बाईला गुरुजींनी विचारले, "मावशी, पोरगी शाळेत का येत नाही?" ती म्हणाली, "गुरुजी, आज हितं, उद्या तितं. दाखला कुठनं आणू?"

तिला ठाऊक नव्हते, म्हणून आपण ठाऊक करून घेऊ. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वाटेवरच्या गावच्या सरकारी शाळेतही नाव घालता येते. दाखला मागून येईल, पण तो नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. वाडा एका गावी महिनाभर राहणार असेल, तर पोरांना महिनाभर शाळेत बसवा. आजी-आजोबा घरी असतील तर पोरे त्यांच्याजवळ ठेवा.

रेशनचेही तसेच. आता रेशनकार्ड एका दुकानाला बांधलेले नाही. माणच्या कार्डावर चिपळूणच्या दुकानातही धान्य मिळते. त्यासाठी कार्ड आधारला जोडलेले हवे आणि दुकानात अंगठा लावावा लागतो. निघण्याआधी हे काम करून घ्यावे.

बदललेला मुलूख

आटपाडी तालुक्यातल्या माडगूळे गावचे व्यंकटेश माडगूळकर हे मोठे लेखक होऊन गेले. त्यांची 'बनगरवाडी' ही कादंबरी १९५५ साली निघाली. माणदेशातली धनगरांची वाडी दुष्काळात कशी ओस पडते, हे त्यांनी लिहिले आहे. वाचता येऊ लागले की हे पुस्तक जरूर वाचा.

त्या वेळचा माणदेश आणि आजचा माणदेश यांत फरक पडला आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांनी कृष्णेचे पाणी उचलून पूर्वेच्या रानांत नेले. जिथे खडकाळ माळ होता तिथे ऊस, द्राक्षे, डाळिंबे आली. हे चांगलेच झाले. पण माळ फुटले, गायराने आकसली, वाटांवर कुंपणे पडली. मेंढराला चालायला जागा कमी झाली. काही वाडे आता मेंढरं ट्रकात घालून नेतात. काही जण थोडी मेंढरं घरीच पाळतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 'नारी सुवर्णा' नावाची मेंढी तयार केली आहे. बंगालच्या गारोल मेंढीचा गुण तिच्यात आणला आहे. तिला पुष्कळदा जुळी कोकरे होतात. थोड्या मेंढरांत संसार चालवणाऱ्याला ती उपयोगी पडते.

मेंढरांच्या वाटेचा प्रश्न आपल्याकडेच आहे असे नाही. युरोपात स्पेन नावाचा देश आहे. तिथले मेंढपाळही ऋतू पाहून मेंढरं नेतात. १२७३ साली तिथल्या राजाने मेंढपाळांच्या संघाला सनद दिली. मेंढरांसाठी वेगळ्या रुंद वाटा राखल्या. मोठी वाट पंचाहत्तर मीटर रुंद होती. पुढे त्या वाटांवरही अतिक्रमणे झाली. तेव्हा १९९५ साली कायदा करून वाटा सार्वजनिक म्हणून राखल्या. माद्रिद ही त्या देशाची राजधानी. तिथे दरवर्षी ऑक्टोबरात एक दिवस मेंढरं शहराच्या मोठ्या रस्त्यावरून चालतात. लोक पोराबाळांसह बघायला येतात. मेंढपाळ जुन्या रिवाजाप्रमाणे शहराला थोडी नाणी देतात. आपली वाट अजून जिवंत आहे, हे सर्वांना कळावे म्हणून हा दिवस.

जगातल्या देशांनी मिळून २०२६ हे वर्ष कुरणांचे आणि पशुपालकांचे म्हणून ठरवले आहे. पण वर्ष ठरवून गवत उगवत नाही. आपल्या गावात वाट मोकळी ठेवायची की नाही, हे आपणच ठरवायचे आहे. गायरानातली जुनी मेंढरवाट कोणती, ओढ्यावर पाणी पाजायची जागा कोणती, हे ग्रामसभेत बोलून घ्यावे आणि लिहून ठेवावे.

शेतकऱ्याला खत हवे, मेंढक्याला चारा हवा. दोघांची गरज एकमेकांच्या रानात आणि कळपात आहे. शेतकऱ्याने वाट द्यावी, ठरलेले धान्य द्यावे, फवारलेले रान दाखवावे. मेंढक्याने उभे पीक राखावे, ठरलेल्या रात्री पुऱ्या कराव्या. एवढे दोघांनी पाळले तर पुढच्या दिवाळीनंतर तोच कारभारी त्याच बांधावर येऊन हाक मारील, "दादा, हायसा का घरात?"

प्रश्न

१. महाबळेश्वरला पाऊस जास्त आणि माणला कमी का पडतो?
२. मेंढरं कार्तिकात पश्चिमेला का जातात आणि मृगाच्या आत परत का येतात?
३. मेंढरं उठल्यावर रान लगेच का कुळवावे?
४. किरळ कशाने लागते? ती लागल्यावर काय करावे?
५. दोनशे मेंढ्या पाच रात्री बसवल्या. एका मेंढीची अर्धा किलो लेंडी धरली तर खत किती झाले?
६. रातीला बारा किलो ज्वारी ठरली. पाच रात्री झाल्या. पस्तीस किलो मिळाली. बाकी किती?

करून पाहा

तुमच्या गावात वाडा उतरला असेल तर कारभाऱ्याला भेटा. त्याची वाट कोणकोणत्या गावांवरून येते, ते विचारा. त्या गावांची नावे ओळीने वहीत लिहा. शेवटी आपल्या गावाचे नाव लिहा.